बिनधुराची चूल

सिंगापूरमध्ये, हौगांगला, आमच्या ब्लॉकमध्ये नवव्या मजल्यावर, लिफ्टपाशी, सकाळी साडेसातला धुराचा वास येतो. रोज नाही, पण आठवड्यातून दोन-तीनदा येतो. ओल्या लाकडाचा, डोळ्यांत पाणी आणणारा वास. नवऱ्याला मी दोनदा मुद्दाम तिथे उभं केलं, पण त्याला काही येत नाही. शेजारच्या आजोबांच्या दाराशी उदबत्त्या असतात, त्यांचा असेल, असं तो म्हणतो. उदबत्तीचा वास मला कळतो. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. चांगी बिझनेस पार्कमध्ये एका बँकेच्या यंत्रणा नीट चालल्या आहेत की नाहीत, हे पडद्यावर बघत बसण्याची माझी नोकरी आहे, आणि पडद्यावर जे दिसत नाही ते मी एरवी मोजतही नाही. पण तिथे उभी राहिले की लिफ्ट येते, दार उघडतं, मिटतं, आणि मी तशीच राहते.

इथले साडेसात म्हणजे आपल्याकडचे पाच. पाच वाजता माझी आई चूल पेटवायची.

वाईहून घाट चढून वर गेलं की लागणाऱ्या एका गावात ती एकटी राहायची. बाबांनी मास्तरकीच्या पगारात बांधलेलं तीन खोल्यांचं कौलारू घर होतं. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली होती. दोनदा मी तिला सिंगापूरला आणलं आणि दोन्ही वेळा ती महिन्याभरात कंटाळली. इथे नुसता घाम येतो आणि काम काही नसतं, असं तिचं म्हणणं. गावी तिच्याकडे गॅस होता, पण तो चहापुरता आणि पाहुण्यांपुरता. आंघोळीचं पाणी, भाकरी, पावसाळ्यात न वाळणारे कपडे आणि थंडीत बसायची ऊब, हे सगळं चुलीवर. वीज जायची ती दोन-दोन दिवस यायची नाही, त्यामुळे हीटर-गीझरच्या गोष्टी तिच्यापुढे काढण्यात अर्थ नव्हता.

मग तिचा खोकला सुरू झाला. वाईच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडासमोर धरला आणि किती वर्षं विडी ओढताय, असं विचारलं. आई इतकी हसली की हसण्याचा खोकला झाला आणि नर्सला पाणी आणावं लागलं. धुरापासून लांब राहायला हवं, असं डॉक्टरांनी बजावलं. मी परत येताना गाडीतच फर्मान काढलं, की चूल बंद. तिने खिडकीबाहेर बघत शांतपणे विचारलं, “मग मी उठू कशाला?”

मला राग आला होता. माझा राग नाकावर असतो, आणि आईशी बोलताना तर तो घरातल्यासारखा वावरायचा. पण तो प्रश्न माझ्याबरोबर विमानात बसून इथपर्यंत आला. आठवडाभराने मी ठरवलं, की चूल बंद करायची नाही, बदलायची.

सिंगापूरमध्ये बसून लाकडाची शेगडी निवडणं म्हणजे काय प्रकार असतो, हे मी सांगते. खिडकीबाहेर बारा महिने घामाच्या धारा, घरात एसी, आणि मी सोफ्यावर बसून लोखंडी शेगड्यांची दारं, धुराडी आणि हवेच्या वाटा वाचतेय. आठवड्यात माझ्या फोनला वाटायला लागलं की मी बर्फाळ देशात राहते. जाहिरातींत लोकरीचे मोजे यायला लागले. तेव्हा अकरा वर्षांची असलेली माझी लेक येऊन माझ्या खांद्यावरून बघायची. “मम्मा, सो हॉट ऑलरेडी, व्हाय यू बाय फायर लाह?” आजीसाठी, म्हटल्यावर ती आजीला निळी घे म्हणाली.

मी तक्ता केला. मी सगळ्याचाच तक्ता करते, यावरून घरात माझी चेष्टा होते. वजन, धुराड्याची रुंदी, किती वेळ ऊब राहते, दुसऱ्यांदा जळण्याची सोय आहे की नाही. ही शेवटची गोष्ट मला फार आवडली होती. चांगल्या शेगडीत लाकडाचा धूर बाहेर पडायच्या आत त्याला वरून गरम हवा मिळते आणि तो धूरच पेट घेतो. म्हणजे धुराड्यातून जवळपास काही बाहेर पडत नाही. शिवाय मला नुसती लाकडाची शेगडी नको होती. आई जांभळीची फाटी जाळायची, कारवीच्या काटक्या जाळायची, गोवऱ्या, मक्याची कणसं खाऊन उरलेले दांडे, हाताला लागेल ते जाळायची. भुशाच्या दाबलेल्या कांड्यांना खालून हवा लागते, लाकडाला राखेच्या थरावर ठेवून वरून. दोन्ही जमणारी शेगडी शोधण्यात माझे दोन महिने गेले. राखेची गोष्ट मी आईला फोनवर मोठ्या अभ्यासाने समजावली, तर ती म्हणाली की राख तळाशी ठेवायची असते हे तिला तिच्या आईने सांगितलं होतं, त्यासाठी सिंगापूरला जावं लागलं नाही.

परदेशी शेगड्या आमच्या तीन खोल्यांना जड होत्या. शेवटी कोल्हापूरकडच्या एका लहान कारखान्यात मनासारखी मिळाली. काचेचं दार, वर पाण्याचं भांडं बसेल अशी जागा, आणि कौलांतून जाणारं धुराडं. निळी नव्हती.

त्याच्या आधी आणखी एक गोष्ट घडली होती. एका वर्षी इथे हेझ आला होता, शेजारच्या देशातल्या जळत्या रानांचा धूर. तेव्हा बिशानला राहणाऱ्या एका मराठी मित्राच्या घरी मी हवेतला धूर मोजणारं लहानसं यंत्र पाहिलं आणि तसंच घेतलं. हवा सुधारल्यावर ते खणात पडून होतं. आईच्या खोकल्याचं कळल्यावर मी ते गावी नेऊन तिच्या स्वयंपाकघरात भिंतीला लावलं, वायफाय आणि लहानसा इन्व्हर्टर बसवला. यंत्रातली रेघ माझ्या फोनवर दिसायची. धूर वाढला की रेघ वर, लाल. हवा चांगली असली की सपाट, हिरवी. आई त्याला डबी म्हणायची.

“ही नुसता धूरच बघते का माणूस पण बघते?” तिने विचारलं होतं.

“धूर बघते,” मी म्हणाले.

“मग ठीक,” आई म्हणाली आणि डबीवर भरतकामाचा रुमाल घालायला निघाली. मी तिला अडवलं.

त्याआधी मी रोज साडेसातला, लिफ्टची वाट बघत, आईला फोन करायची. तिला ते अजिबात आवडायचं नाही. फोन पुढच्या खोलीत, ती चुलीपाशी, हात पिठाचे किंवा राखेचे. गुडघे धरून उठायचं, पुढे यायचं, आणि मी विचारणार काय, तर उठलीस का. उठल्याशिवाय फोन कोणी उचललाय, असं ती रोज म्हणायची. डबी बसवल्यावर दोघींचीही सोय झाली. साडेसातला मी फोन उघडायची, रेघ ताडकन वर गेलेली असायची. आईने चूल पेटवली. मी लिफ्टमध्ये शिरायची. रोजचा फोन रविवारी-बुधवारी झाला, मग फक्त रविवारी. मी याला प्रगती समजत होते.

शेगडी बसली तो दिवस मला स्वच्छ आठवतो, कारण मी तेव्हा रजा टाकून तिथे होते. कारागिराने धुराडं जोडलं, आईने हळदकुंकू वाहिलं, राखेचा थर आधीच पसरून ठेवला होता. लाकडं पेटली, दार लागलं आणि काचेमागे जाळ नाचायला लागला. आम्ही दोघी अंगणात जाऊन वर बघत उभ्या राहिलो. धुराड्यावर हवा जरा थरथरत होती, बाकी काही नाही. समोरच्या काकूही त्यांच्या ओट्यावरून बघत होत्या. तीस वर्षांचा शेजार होता त्यांचा आणि आईचा. त्या म्हणाल्या, पेटली म्हंता, पर कळतंय कुठं. आम्ही तिघी हसलो. जुनी चूल फोडू दे, असं मी आईला म्हणाले, पण तिने ती उचलून मागच्या पडवीत ठेवायला लावली.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता रेघ सपाट होती. हिरवीगार. त्याच्या पुढच्या दिवशीही. मी ऑफिसात चारचौघांना दाखवली. दोन महिन्यांनी आईचा खोकला निम्म्यावर आला, हेही खरं आहे. ती शेगडी वाईट होती असं मी कधीही म्हणणार नाही.

आता माझ्या कामाबद्दल थोडं सांगावं लागेल. आमच्याकडे कुठलीही यंत्रणा गप्प राहिली म्हणजे ती ठीक आहे असं धरत नाहीत. प्रत्येकीने दर मिनिटाला ‘मी आहे’ असा निरोप पाठवायचा असतो. निरोप चुकला की घंटा वाजते. याला हार्टबीट म्हणतात. नव्याने लागलेल्या मुलांना पहिल्या आठवड्यात मी हे शिकवते. शांतता दोन प्रकारची असते आणि पडद्यावर दोन्ही सारख्याच दिसतात, असं मी फळ्यापाशी उभं राहून कितीतरी वेळा सांगितलं आहे.

आणि माझ्या आईच्या घरची घंटा मी कशी लावली होती? रेघ वर गेली तर वाजायची. बाकी काही नाही.

जानेवारीतला आठवडा होता. रविवारी आम्ही बोललो, थंडी फार आहे म्हणाली. सोमवारी रेघ हिरवी. मंगळवारी हिरवी. बुधवारी मी लिफ्टमध्ये शिरताना बघितली, हिरवी, आणि मला बरं वाटल्याचं आठवतं. गुरुवारी दुपारी मी मीटिंगमध्ये असताना गावचा नंबर आला. मी दोनदा कापला. तिसऱ्यांदा उचलला तेव्हा समोरच्या काकू होत्या, आणि काकूंनी मला याआधी कधीही फोन केला नव्हता.

त्या पातेलं परत द्यायला गेल्या होत्या. आई शेगडीपाशी जमिनीवर होती. शेगडीचं दार उघडं, आत लाकडं रचलेली, खाली कागदाचा बोळा. काडी ओढली गेली नव्हती. मंगळवारी पहाटे असणार, असं डॉक्टर म्हणाले. चटकन गेल्या, त्रास झाला नाही, असंही म्हणाले. सगळे तेच म्हणत होते. मी पोचले तेव्हा तिला वाईच्या दवाखान्यात ठेवलं होतं आणि मी त्या ‘चटकन’ला धरून उभी होते.

तिसऱ्या दिवशी काकू माझ्याजवळ येऊन बसल्या. त्यांना मला धीर द्यायचा होता.

“गारठ्यात न्हवती पडली तुझी आई,” त्या म्हणाल्या. “आंगावर गोधडी हुती. नीट पांघरल्याली, पायापतूर.”

गोधडी खाटेवर असायची. खाट त्याच खोलीच्या दुसऱ्या टोकाला. म्हणजे कुणीतरी ती तिथून ओढून आणली होती, आणि त्या घरात दुसरं कुणी नव्हतं. आई पडली, आणि पडल्यावर खाटेपर्यंत सरपटली, गोधडी घेतली, परत शेगडीपाशी आली आणि ती पांघरून घेतली. थंडी वाजत होती तिला. ऊब हवी होती. पेटलेली नसली तरी तिला ऊब तिथेच वाटली असेल. किती वेळ ती जागी होती, हे मला कुणी सांगू शकत नाही. एक तास असेल. बुधवारपर्यंतही असेल. मी ती गोष्ट मनातून काढायचा प्रयत्न केला नाही असं नाही, पण ती पायापर्यंत नीट पांघरलेली गोधडी जात नाही.

“तुम्हाला धूर दिसला नाही, तेव्हा काही वाटलं नाही का?” मी विचारलं. विचारताना माझा आवाज चढला होता, याची मला लाज वाटते.

काकूंनी पदर तोंडाला लावला. “तीस वर्सं म्या उठलं की आदी तुमचं कौल बगायची, पोरी. धूर निगाला की म्हनायचं, वैनी उटली. पर हल्ली धूर दिसतच न्हवता की.”

मी आईच्या छातीतला धूर काढायला निघाले होते. समोरच्या घरातून जी नजर रोज पहाटे आमच्या कौलांवर पडायची, तिला बघायला मी काहीच ठेवलं नाही.

तेराव्यानंतर घर बंद करताना मी मुख्य बटण खाली ओढलं. इन्व्हर्टरही बंद केला, तशी माझ्या पिशवीत घंटा वाजली. डबीशी संपर्क तुटला आहे, कृपया तपासा. मी दारात उभी राहून तो निरोप चार-पाच वेळा वाचला. डबी बंद पडली तर कळवायची सोय त्यात पहिल्यापासून होती.

इथे परत आल्यावर मी करू नये ते केलं. रेघ मोठी करून पाहिली. फोनवर दिसायची ती तासातासाची सरासरी. मिनिटामिनिटाचं उघडलं, तर शेगडी बसल्यापासून रोज पाचला एक बारीक काटा होता. लाकूड घालायला दार उघडलं की निसटेल एवढाच धूर. सोमवारी काटा होता. मंगळवारी नाही. बुधवारी नाही. गुरुवारी नाही. ते सगळं माझ्या हातात होतं, लिफ्टपाशी, साडेसातला. मी फक्त रंग बघत होते. नवऱ्याने फोन माझ्या हातून काढून घेतला आणि मंगळवारी कळून तू बुधवारी पोचली असतीस ना, असं काहीसं म्हणाला. मी मात्र काकूंना फोन केला असता आणि त्या अंगण ओलांडून दोन मिनिटांत गेल्या असत्या. त्यालाही ते कळलेलं होतं.

वास तेव्हापासून यायला लागला. चिनी पंचांगाच्या सातव्या महिन्यात ब्लॉकखाली लोक आपल्या मेलेल्या माणसांसाठी कागद जाळतात, लोखंडी पिंपांत. कागदाचे कपडे, कागदाची घरं, वर गेलेल्यांना उपयोगी पडेल असं काहीबाही. आधी मी खिडक्या लावून घ्यायची आणि धुराबद्दल कुरकुरायची. त्या वर्षी खाली उतरून एका आजीबाईंच्या पिंपाशेजारी उभी राहिले. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि जरा सरकून जागा दिली. लेक वरून हाका मारत होती, मम्मा, युवर आय्ज सो रेड. धुरामुळे, मी म्हणाले. तेवढं एक खरं होतं.

वर्षश्राद्धाला मी एकटीच गेले. पहाटे पाचच्या आत जाग आली आणि पडून राहवेना. स्वयंपाकघरातली शेगडी मला पेटवता आली नाही. तिच्यात तीच लाकडं होती, कुणी काढलीच नव्हती. मी मागच्या पडवीत गेले आणि जुनी चूल पेटवली. लाकडं दमट होती. धूर असा भरला की मला चुलीसमोर बसवेना. तो कौलांच्या फटीफटीतून बाहेर जात होता, मी खोकत होते, आणि तेवढ्यात समोरून हाक आली.

“वैनी, उठलासा का?”

काकू अर्धवट झोपेत ओट्यावर आल्या असणार. धूर दिसला आणि तीस वर्षांची सवय तोंडातून निघाली. मग त्यांना आठवलं असणार, आणि काकू अनवाणी अंगण ओलांडून आल्या, पडवीच्या दारात उभ्या राहिल्या, मला बघितलं आणि तिथेच खाली बसल्या. आम्ही दोघी त्या धुरात बसून रडलो. रडताना काकूंना जो खोकला लागला तो मला ओळखीचा होता. आईचाच खोकला, तसाच खालून येणारा.

उजाडल्यावर चहा पिताना त्यांनी भीतभीत विचारलं, की ती शेगडी तू विकणार असशील तर. डॉक्टरने त्यांनाही धुरापासून लांब राहायला सांगितलं होतं. मुलगा सुरतेला, घरात त्या एकट्या. हे लोखंड आमच्या घरातून त्यांच्या घरात नेऊन ठेवायचं, आणि समोर तर आता कौल बघणारंही कुणी नाही. पण त्यांची छाती वाजताना मला ऐकू येत होती.

मी स्वतः शेगडीतली लाकडं एकेक करून काढली, कागदाचा बोळाही. राख तशीच राहू दिली. शेगडी काकूंकडे बसवली आणि धुराडं त्यांच्या कौलांतून काढलं. रोजचा फोन मी करणार, हे मी त्यांना विचारलं नाही, सांगितलं. डबी मी बरोबर आणली आणि इथल्या खणात परत टाकली.

आता रोज साडेसातला मी लिफ्टपाशी उभी राहून काकूंना फोन लावते. त्यांचा फोन पुढच्या खोलीत, त्या शेगडीपाशी, गुडघे दुखरे. उचलायला सात-आठ रिंग लागतात. पहिल्या तीन रिंगांपर्यंत मी बरी असते. चौथीपासून वास यायला लागतो. लिफ्ट येते, दार उघडतं, आतले लोक माझ्याकडे बघतात, मी मान हलवते आणि ते खाली जातात.

“काय काम हुतं?” काकू चिडून विचारतात. “हात राखेचं हायत माजं.”

“काही नाही,” मी म्हणते. “पेटली का, एवढंच.”